झिजलेला टायर केव्हां टाकावा?

वस्तु टाकून देणें ही गोष्ट आमच्या घरांतून कधींच सहजपणें होत आलेली नाहीं. धोतर विरलें कीं त्याचे पंचे होत, पंच्यांचीं फडकीं होत, आणि फडक्यांचे बोळे कंदिलाची कांच पुसावयास उपयोगी पडत. पितळी भांड्यास कल्हई, छत्रीस नवी काडी, वहाणेस नवा अंगठा, हा क्रम ज्यांनीं लहानपणापासून पाहिला त्यांच्या मनांत ‘अजून चालेल’ हे दोन शब्द एखाद्या आर्षवचनासारखे रुजलेले असतात. ह्या वृत्तीची मी थट्टा करीत नाहीं. तिच्याच बळावर आमच्या पिढींतील पुष्कळांचीं शिक्षणें झालीं. परंतु विरलेलें धोतर फाटलें तर फार तर चारचौघांत फजिती होते. दुचाकीचा टायर दगा देतो तेव्हां प्रकरण तेवढ्यावर भागत नाहीं. म्हणून ‘अजून चालेल’ हा न्याय टायरांस कोठवर लावावा ह्याचा विचार निराळा केला पाहिजे. घरोघरीं आज एक तरी मोटारसायकल किंवा स्कूटर असते, आणि तिच्यामागें बसून देवळास, बाजारास, माहेरास जाणाऱ्या बायकांची संख्या थोडी नाहीं. त्यांच्या दृष्टीनेंहि हा विषय केवळ पुरुषांच्या गप्पांचा राहूं नये.

चाकाच्या कडेची काळजी ही कांहीं आजकालची नव्हे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवितो तिला आपण धांव म्हणतों. वेदकाळीं रथाच्या चाकाच्या बाहेरील धातूच्या पट्टीस ‘पवि’ असें नांव होतें आणि चाकाच्या कडेस ‘नेमि’. मंगलकार्यांत जो स्वस्तिमंत्र आपल्याकडे म्हटला जातो त्यांत तार्क्ष्यास ‘अरिष्टनेमि’ असें विशेषण लाविलेलें आहे. अर्थ सांगणारे बहुधा ह्या पदावरून घाईनें पुढें जातात. परंतु ‘ज्याच्या चाकाची नेमि दुखावलेली नाहीं तो’ हा त्याचा सरळ अर्थ. ज्यांना रथांतून दूर जावयाचें होतें त्यांना कल्याण मागतांना चाकाची कड आठवली, ह्यांत नवल तें काय? फरक इतकाच कीं, लोखंडी धांव सैल झाली म्हणजे खडखडते आणि गाडीवानास तें ऐकूं येतें. रबर बोलत नाहीं.

हवेनें फुगविलेला रबरी टायर हा त्या मानानें कालचाच. टॉम्सन नांवाच्या एका स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें होतें, तें लोक विसरले, आणि पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तो पुन्हा सिद्ध केला. मोटारसायकलीचा सारा भार, वेग आणि थांबणें हें दोन टायरांच्या ज्या भागावर अवलंबून असतें, तो रस्त्यास टेकलेला भाग प्रत्येकीं जेमतेम तळहाताएवढा असतो. ह्या तळहाताएवढ्या जागेंत जी पकड येते ती रबराची. टायरावरील खांचा ही पकड उत्पन्न करीत नाहींत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खांचांचें मुख्य काम एकच: रस्त्यावरील पाणी रबराखालून बाजूस सारणें. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर गुळगुळीत रबरहि उत्तम पकड घेतें. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशीं मुद्दाम बिनखांचांचे टायर लावून पळवितात.

आणि नेमका येथेंच माणूस फसतो. आमच्या देशावर वर्षांतले सात-आठ महिने रस्ते कोरडे असतात. फाल्गुनांत, चैत्रांत, वैशाखांत झिजलेल्या टायरावर गाडी इतकी सालसपणें चालते कीं, मालकास वाटतें, ‘उगीच खर्च कशाला?’ मग मृगाचा पाऊस येतो. आठ महिने रस्त्यावर सांडलेलें तेल, धूळ आणि रबराचा कीस पहिल्या सरीबरोबर भिजून वर येतो, रस्त्यावर मेण चोपडल्यासारखें होतें, आणि त्याच दिवशीं टायराच्या खांचांची खरी परीक्षा असते. पुढें पाण्याचे थर सांचूं लागले म्हणजे तर खांच नसलेलें चाक पाण्यावरच तरंगूं लागतें. हांडल हातांत असतें, ब्रेक पायाखालीं असतो, परंतु दोहोंचाहि रस्त्याशीं संबंध उरलेला नसतो.

म्हणून टायर किती झिजला हें विचारण्यापूर्वीं कोणता महिना चालूं आहे हें विचारावें, असें माझें मत आहे. खांचेंत दोन मिलिमीटर शिल्लक असलेला टायर दिवाळीच्या सुमारास असेल तर मी तो वैशाखापर्यंत वापरीन. तोच दोन मिलिमीटर वैशाखांत असेल तर मृगापूर्वीं बदलीन. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत हा नियम मिळणार नाहीं, कारण तीं पुस्तकें ज्या देशांत लिहिलीं गेलीं तेथें पाऊस बाराहि महिने थोडाथोडा पडतो.

कायद्याचें म्हणणें निराळें आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरावरील खांच किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. इतर मोटारींसाठीं हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. इंग्लंडांत मोठ्या मोटारसायकलींस १ मिलिमीटर लागतो. आतां ०.८ मिलिमीटर म्हणजे किती? जाड पुठ्ठ्याइतकें. परीक्षेंत पस्तीस गुणांनीं उत्तीर्ण होतां येतें म्हणून कोणी शहाणा पालक मुलास पस्तिसांवर थांबावयास सांगत नाहीं. कायद्याची मर्यादा ही शिक्षेची मर्यादा आहे, निर्धास्तपणाची नव्हे.

खोली मोजण्याचें छोटें मापयंत्र बाजारांत मिळतें. तें नसलें तरी अडत नाहीं. टायराच्या खांचेच्या तळाशीं ठराविक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेविलेले असतात, आणि ते कोठें आहेत हें दाखविण्यासाठीं टायराच्या बाजूवर बारीक त्रिकोण किंवा ‘टी. डब्ल्यू. आय.’ हीं अक्षरें कोरलेलीं असतात. झिजतां झिजतां वरचा पृष्ठभाग ह्या उंचवट्यांशीं सपाट झाला कीं टायर संपला. परंतु मी तितकें थांबत नाहीं. खराट्याची एक काडी घ्यावी, ती खांचेंत उभी धरून टायराच्या पृष्ठभागाशीं नखानें खूण करावी, आणि मग ती मुलांच्या कंपासपेटींतील पट्टीवर मोजावी. पट्टीच खांचेंत घालूं नये, कारण तिचा शून्य टोंकापासून थोडा आंत असतो. मोजतांना मध्यभागीं, दोन्ही बाजूंस आणि चाक फिरवून तीन-चार ठिकाणीं मोजावें, व जें सर्वांत कमी भरेल तें खरें मानावें. सरासरी काढूं नये. चाक सरासरीवर घसरत नाहीं, जेथें कमी आहे तेथें घसरतें.

मोजण्यांतून आणखीहि कांहीं कळतें. मध्यभाग झिजून दोन्ही बाजू शाबूत असतील तर गाडी सरळ हमरस्त्यावर फार पळालेली आहे, किंवा टायरांत हवा जास्त भरली जाते. दोन्ही बाजू झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहते. मध्यभागीं सपाट झालेला मागचा टायर घाटांत फार वाईट वागतो: सरळ चालतांना कळत नाहीं, परंतु वळणावर गाडी कलती करूं गेलें म्हणजे ती आधीं अडून बसते आणि मग सपाट भागाच्या कडेवरून एकदम पलीकडे पडते. खांचा तेवढ्या दिसत आहेत म्हणून असला टायर ठेवणारे पसरणीच्या घाटांत मीं पाहिले आहेत, आणि त्यांच्या मागें जावयाचें मी टाळतों. पंक्चरें वरचेवर होऊं लागलीं तर तीहि एक सूचनाच समजावी. रबर पातळ झालें म्हणजे पूर्वीं जे खिळे-कांटे अडत ते आंत पोंचतात. टायराच्या बाजूस भोंक, चीर किंवा फुगवटा आला असेल तर मात्र मोजमाप करीत बसूं नये. बाजूवरील जखमेस ठिगळ नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं, कारण आमच्या घरांतून शेवटीं सर्व गोष्टी तेथेंच येतात. माझ्या गाडीचा मागचा टायर नवा असतांना त्याची खांच मीं मोजली ती ७ मिलिमीटर भरली. कायद्याचे ०.८ वजा केले तर झिजवावयास ६.२ मिलिमीटर मिळाले. टायर दोन हजार रुपयांचा धरला, आणि मीं तो दोन मिलिमीटरवर काढून टाकला, तर मीं वायां घालविलेलें रबर १.२ मिलिमीटरचें, म्हणजे सुमारें ३९० रुपयांचें. तेंहि एका दिवसांत नव्हे, टायराच्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्यांत. ‘अजून चालेल’ ह्या वादाची एकूण किंमत एवढी आहे. हाडवैद्याकडील एका खेपेचा खर्च ज्यानें केला आहे त्यास ह्यापुढें त्रैराशिक मांडून दाखवावें लागणार नाहीं.

येथवर झिजेचें झालें. परंतु झीज हें टायराचें एकच मरण नाहीं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयर ह्यानें १८३९ सालीं तें गंधकाबरोबर तापविलें, तेव्हां रबराच्या लांब लांब साखळ्या गंधकानें एकमेकींस बांधल्या गेल्या आणि आजचें लवचिक, टिकाऊ रबर मिळालें. परंतु हवेंतील प्राणवायु आणि ओझोन हे त्या साखळ्यांच्या मागें लागलेलेच असतात. रबर हळूहळू कठीण होतें, त्यावर केसाएवढ्या भेगा पडतात. त्यापासून रक्षण व्हावें म्हणून टायराच्या रबरांत मेणासारखीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. टायर चालतांना लवतो तसतशीं तीं पृष्ठभागीं येत राहतात. गाडी उभीच राहिली तर तीं वर येत नाहींत. म्हणजे कमी वापरलेला टायर जास्त दिवस टिकतो ही समजूत अर्धीच खरी आहे. माझ्यासारख्या निवृत्तांचे टायर झिजत नाहींत, ते वाळतात.

टायराचें वय मात्र लपत नाहीं. त्याच्या बाजूवर कोरलेल्या अक्षरमालिकेच्या शेवटीं चार आंकडे असतात; पहिले दोन वर्षाचा कितवा आठवडा तें सांगतात आणि पुढचे दोन साल. ‘३११७’ म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. टायर बनविणाऱ्या कांहीं कंपन्या असें सांगतात कीं, पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणत्याकडून तपासणी करावी, आणि दहा वर्षें झालीं म्हणजे खांचा कितीहि दिसोत, टायर काढावा. आमच्या उन्हांत दहा वर्षें मला फार वाटतात. अंगठ्याचें नख रबरांत रुतेनासें झालें आणि खांचांच्या तळाशीं भेगा दिसूं लागल्या म्हणजे मी वर्षें मोजीत नाहीं.

ह्याबाबतींत पुढच्या टायरावर विशेष अन्याय होतो. मागचा टायर इंजिनाचा जोर सोसतो म्हणून लवकर झिजतो व बदलला जातो. पुढचा सावकाश झिजतो म्हणून विसरला जातो. वस्तुतः ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढें जातो आणि थांबविण्याचें बहुतेक काम पुढचें चाक करतें. मागचें चाक सरकलें तर सावरण्यास क्षणभर अवसर मिळतो. पुढचें सरकलें तर माणूस खालींच असतो.

१९९६ सालच्या जुलैंत माझे थोरले बंधु असेच पडले. गियरची जुनी स्कूटर होती. त्या गाड्यांचीं पुढचीं-मागचीं चाकें सारखींच असत आणि जोडीला एक जादा चाक, म्हणजे स्टेपनी, असे. मागचा टायर झिजला तेव्हां काटकसरीनें तिन्ही चाकांची अदलाबदल झाली आणि कित्येक वर्षें नुसता अडकवून ठेवलेला स्टेपनीचा टायर पुढें आला. खांचा अगदीं नव्यासारख्या होत्या. रिमझिम पाऊस, नेहमींचें वळण, वेगहि बेताचा. पायाचीं दोन्ही हाडें मोडलीं. तीन महिने अंथरुणावर होते, आणि पुढें चालतांना जी लचक राहिली ती शेवटपर्यंत गेली नाहीं.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्याहून आपल्या मोटारसायकलीवर वाईस आला. वहिनी त्या वेळीं आमच्याकडे होत्या. त्यांना पांचगणीस त्यांच्या बहिणीकडे नेऊन सोडावें आणि पंधरा दिवसांनीं परत आणावें असा त्याचा बेत होता. म्हणजे उतरतांना मृग लागलेलें असणार. अंगणांत गाडी उभी होती, मी काडी घेऊन बसलों. मागचा टायर मध्यभागीं दीड मिलिमीटर, बाजूंस चार. पुण्याच्या हमरस्त्यानें त्याचें काय केलें होतें तें स्पष्ट दिसत होतें.

‘काका, अजून तीन हजार किलोमीटर सहज निघतील,’ तो म्हणाला. ‘कायद्यांतहि बसतो. पावसाळा संपला कीं बदलणारच आहें.’

मीं त्यास पावसाळ्याआधीं आणि नंतर ह्यांतला भेद सांगितला, ३९० रुपयांचा हिशेब सांगितला. त्यानें तो अदबीनें ऐकून घेतला. तरुण माणसें अदबीनें ऐकतात तेव्हां त्यांचा निश्चय झालेला असतो. पुढच्या टायराकडे बोट केलें तर तो हंसला. ‘हा तर नवाच आहे, तीन मिलिमीटर तुम्हींच मोजलेत.’ त्या टायरावर ‘३११७’ हे आंकडे होते, आणि माझें नख त्यांत रुतत नव्हतें.

वहिनी चहा घेऊन ओटीवर आल्या होत्या. त्या ह्या विषयांत कधीं बोलत नाहींत. कप माझ्यापुढें ठेवून त्या त्याला एवढेंच म्हणाल्या, ‘अरे, ह्यांच्या गाडीचा पुढचा टायरहि त्या दिवशीं नवाच दिसत होता. मागें मीच बसलें होतें.’

तो कांहीं बोलला नाहीं. चहा झाल्यावर किल्ली उचलून त्यानें मला विचारलें, ‘दुकान किती वाजतां उघडतें?’

मागें बसणाऱ्या माणसाची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. वेग त्याच्या हातीं नाहीं, ब्रेक नाहीं, रस्ताहि पुरता दिसत नाहीं. आणि पडल्यावर लागतें मात्र त्यालाहि तितकेंच. असें असून टायर बदलावयाचा कीं नाहीं हें ठरवितांना त्याचें मत कोणी घेत नाहीं. आपले चिरंजीव किंवा यजमान गाडी चांगली ठेवतात असें धरून चालणें हा आमच्या घरांतल्या बायकांचा स्वभाव आहे. एक काडी आणि चार आंकडे, ह्याहून अवघड असें ह्यांत कांहीं नाहीं. ज्या हातांनीं साखरेच्या पाकाची तार ओळखतां येते त्यांना हें जड जाऊं नये.

दुकानांतहि डोळे उघडे ठेवावे लागतात. आम्हांला प्रथम जो टायर दाखविला त्यावर ‘१४२१’ होतें, म्हणजे तीन वर्षें तो फळीवरच होता. दुकानदार म्हणाला, ‘पाकिटांतला आहे, शंभर रुपये कमी घ्या.’ आम्हीं दुसरा मागितला, तेव्हां आंतून ‘०६२४’ निघाला. आकाराचे आंकडे जुन्या टायराशीं ताडून पाहावे. ‘१००/९०-१७’ ह्याचा अर्थ रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. त्यापुढें ‘५५ पी’ असेल तर तो टायर २१८ किलोग्रॅम भार आणि तासीं १५० किलोमीटर वेग सोसण्यास योग्य आहे. अधिक रुंद टायर लावण्याचा आग्रह पुष्कळ मुलें धरतात; तो दिसण्यापुरता असतो. बाजूवर बाण असल्यास चाक त्याच दिशेनें फिरेल असा टायर बसला आहे कीं नाहीं हें निघण्यापूर्वीं पाहावें. नव्या टायराचा पृष्ठभाग सांच्यांतून निघाल्यामुळें तुळतुळीत असतो. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर गाडी एकदम कलती करूं नये, करकचून ब्रेक लावूं नये. शोभेसाठीं टायरास चकाकी आणणारें तेल चोपडतात, त्याचा तर रस्त्यास टेकणाऱ्या भागास स्पर्शहि होऊं देऊं नये. हवा आठवड्यास एकदां, गाडी थंड असतांना, गाडीबरोबरच्या पुस्तकांत सांगितलेल्या मापानें भरावी. दोघांस बसावयाचें असेल तर मागच्या चाकाचें माप निराळें दिलेलें असतें.

पैसे चुकते झाल्यावर दुकानदारानें काढलेल्या दोन टायरांचे दोनशें रुपये देऊं केले. पुतण्या हात पुढें करणार तोंच मीं विचारलें, ह्यांचें तुम्हीं काय करतां? तो सरळ माणूस होता. त्यानें सांगितलें कीं, मागच्या टायरावर तापल्या हत्यारानें पुन्हा खांचा कोरतां येतात, पुढचा तर तसाच चालतो, आणि पहांटे दुधाच्या किटल्या घेऊन उतरणारे लोक असले टायर आनंदानें नेतात. कोरलेल्या खांचांमुळें रबर आणखी पातळ होतें आणि खालचे धागे वर येतात, हें त्यालाहि ठाऊक होतें. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें व दोन्ही टायर रिक्षांत घातले.

घरीं आणल्यावर त्यानें ते करवतीनें एका जागीं आरपार कापले, म्हणजे पुन्हा कोणाच्या रिमवर चढणार नाहींत. वहिनींनीं पांचगणीस जाण्यापूर्वीं ते परसांत विहिरीच्या कडेला आडवे मांडून घेतले, मधल्या जागेंत माती आणि शेणखत भरलें, आणि अळवाचे कांदे लाविले. पुढच्या टायरांतलें अळूं चांगलें माजलें. मागच्यांतलें तितकेंसें आलें नाहीं, तेथें ऊन फार येतें.